कोळशानं पिलेलं औषध

पाणी निळं राहिलंच न्हाय की, बडेसाब. तुमच्या दुकानातनं नेलेलं निळं औषध सकाळी माशांच्या टाकीत घातलं — आन् संध्याकाळी बघते तर पाणी साफ, जसंच्या तसं. मला वाटलं बरं झालं, माशांच्या अंगी लागलं. दुसऱ्या दिवशी परत तेच — आन् अंगावरचे पांढरे ठिपके वाढतच गेले. बाकीचे मेले. हे दोन राहिलेत, डब्यात आणलेत, बघा. काय? फिल्टरमधला कोळसा? हाय की, काळ्या खड्यांची ती पिशवी — सून महिन्याला बदलायची, म्हणून मीबी नवीच घातली, औषध टाकलं त्याच दिवशी. म्हंजे सगळं औषध कोळशानंच पिलं? औषध देताना पिशवी काढून ठेवायची, हे मला कोण सांगणार — सांगणारी कुर्डुवाडीला, माहेरी.

न्हाय, बाळंतपण कुटलं. ऋतुजा तशीच गेली — भांडण झालं. नळाला पाणी येतंय चार-पाच दिसांनी, आन् ही माशांवर बादल्या ओतती, असं मल्लू म्हणला. मल्लू माझा लेक. ती म्हणली, कोळसा घातला तरी पाणी बदलावं लागतंयच — एवढंच बोलली, तर त्यानं तीच बादली उचलून… जाऊ द्या. ओठ फाटला तिचा. पहिल्यांदा न्हवं. मी मधी पडते की, दर वेळी पडते. हे मनगट? ते त्यातलंच, दुखत न्हाय आता.

रोज फोन करती. आधी माझी तब्येत, मग मासे. मल्लू ऐकतो आन् म्हणतो, "येईल की, मासे हितंच हायत." लई निवांत म्हणतो. परवा तिनं विचारलं, "आत्या, मासे मरायला लागलेत, मी येऊ का?" — मी फोनच ठिवून दिला. ये म्हणाले असते तर आली असती हो.

म्हणून आले तुमच्याकडं. हे दोन पिशवीत बांधा, हवा भरून. रेल्वेत तग धरतील न्हवं कुर्डुवाडीपत्तोर? तिच्या वडिलांनी छोटी टाकी आणून ठिवलीय. औषधाची एक बाटली द्या, आन् कोळसाबी थोडा — मासे बरे झाल्यावर घालायचा, व्हय, आधी न्हाय, कळलं आता.

मल्लू हितं विचारत येईल. तुमी खोटं बोलू नका. सांगा, तुझी आईच घेऊन गेली. रात्री घरी येती म्हणावं, काय बोलायचं ते तिच्याशी बोल.

बांधा की. असं बघत काय बसलाय, माझी गाडी जाईल.