बाटलीबाहेरचा पाऊस

सन्माननीय अध्यक्ष सोपानभाऊ, मुख्याध्यापिका स्नेहल मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, पालकहो, आणि सर कधी एकदा आटपतात म्हणून ताटकळलेल्या माझ्या बालमित्रांनो,

आत्ता चार वक्त्यांनी माझं इतकं कौतुक केलं, की कोणाबद्दल चाललंय म्हणून मीच दोनदा मागं वळून पाहिलं!

तीस वर्षं मी लोणावळ्यात पाऊस शिकवला. म्हणजे माशाच्या पिल्लांना पोहायला शिकवलं म्हणा ना! समुद्राची वाफ वाऱ्याबरोबर येते, घाट चढताना गारठते, हवेतल्या बारीक धुळीवर तिचे थेंब धरतात, थेंबाला थेंब मिळून जड झाले की कोसळतात. मग ओढ्यांतून इंद्रायणीला, पुढं थेट पूर्वेच्या समुद्राला, आणि पुन्हा वाफ. सगळं तोंडपाठ. पण पडलेला पाऊस मला मोजता येत होता का? अहो, कसला!

मैदानात आपलं साधं पर्जन्यमापक आहे. रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी मोजून नोंदवहीत लिहायचं, हे माझं काम. पहिल्याच जुलैत मी सलग चार दिवस 'शंभर मिलिमीटर' लिहिलं आणि वर्गात ऐटीत सांगितलं, "बघा, निसर्ग किती शिस्तीचा!"

आपल्या शाळेच्या शिपाई नंदाबाई दारात फरशी पुसत होत्या. म्हणाल्या, "सर, बाटली शंभरचीच हाय. भरली की वरचं भाईर सांडतंय. त्ये कुटं लिवलं तुमी?"

यावर मी काय केलं असेल? त्यांनाच अर्धा तास जलचक्र समजावलं! बाईंनी "व्हय सर" म्हणून सगळं ऐकून घेतलं. आणि त्या दिवसापासून, डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेऊन, दिवसातून चार-पाच वेळा, अगदी रविवारीसुद्धा, बाटली भरायच्या आत मोजून रिकामी करू लागल्या. आकडे चिठ्ठीवर लिहून ठेवायच्या. मी घोरावाडीहून लोकलनं यायचो, बेरीज करायचो आणि खाली झोकात सही ठोकायचो.

सहा वर्षांपूर्वी आपल्या नोंदवहीला जिल्ह्याचं बक्षीस मिळालं. 'अचूक निरीक्षक' म्हणून शाल मी पांघरली. नंदाबाई तेव्हा मागं खुर्च्या मांडत होत्या. मला तोंड नव्हतं का? होतं की. हार गळ्यात पडल्यावर उघडलं नाही, एवढंच. आज त्याची फार लाज वाटते.

नंदाबाईही महिनाअखेरीस निवृत्त होतायत. त्यांच्यासाठी असा कार्यक्रम कोणी ठरवलेला नाही, आणि तीस वर्षांच्या नोंदवहीत त्यांचं नाव एकदाही आलेलं नाही. म्हणून आज सकाळी मॅडमच्या परवानगीनं, दर वर्षाच्या पहिल्या पानावर 'निरीक्षक' या शब्दापुढचं माझं नाव खोडून मी त्यांचं लिहिलं. माझ्या नावावर फक्त ते चार शंभर ठेवलेत. तेवढी कमाई माझी स्वतःची आहे.

आपण सर्वांनी इतका वेळ मला सोसलंत, मनापासून आभार. भाषण संपवताना 'नकळत काही चुकलं असल्यास क्षमा असावी' म्हणायची पद्धत आहे. पण माझं चांगलं कळून चुकलंय. नंदाबाई, ती चहाची किटली खाली ठेवा आणि जरा पुढं या. सगळ्यांसमोर विचारतो, मला माफ कराल का?