फक्त हिच्या खोलीचं लॅमिनेट

फ्लोअरिंगच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे साठीतलं एक जोडपं होतं.

"काका, दोन्ही खोल्यांचं लॅमिनेट बदलायचंय?" दुकानदाराने विचारलं.

"नाही, फक्त हिच्या खोलीचं. कूलरचं पाणी गळून फळ्या फुगल्यात. शेजारची माझी खोली ठणठणीत आहे."

"जुना रंग आता मिळत नाही. मधल्या दारात पट्टी मारून जोड झाकू."

"चालेल. आम्ही दोघं तरी कुठे एका रंगाचे आहोत?"

"वेगळी खोली मी काही हौसेनं घेतलेली नाही, दादा. हे घोरायला लागले की भिंती हलतात."

"काकू, तुमचा पलंग मात्र हलवावा लागेल. काम होईपर्यंत झोपायची सोय बघा."

"यांच्याच खोलीत झोपेन, जाते कुठे? किती दिवस लागतील?"

"दोन दिवसांत देतो."

"एवढी घाई कशाला?" काका मध्येच म्हणाले. "चांगला आठवडा लावा."

"अहो, लोक ऐकताहेत."

"ऐकू देत. चार वर्षांनी योग येतोय."

बाई हसू दाबत पुढे झाल्या.

"दादा, जुन्या फळ्या उद्याच उखडून टाका. आणि जो माल यायला सगळ्यात जास्त वेळ लागतो ना, तो दाखवा."