डोळ्याची टिपरी

चहा राहू द्या बाजूला, आधी सणसरच्या कुसुमचं ऐका. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. मी तिथं आठवीला इंग्रजी शिकवायचो. लांब शब्द आला की तुकडे पाडून वाचा, असं सांगून घसा कोरडा करायचो. कुसुम भलतीकडंच तोडायची आणि अडून बसायची. शेवटी तिच्या वडिलांनी, तात्यांनी, तिला शाळेतून काढलं आणि उसाचं बेणं तोडायला बसवलं.

मी तावातावानं शेतावर गेलो. लावणीसाठी कुसुम कोयत्यानं उसाच्या टिपऱ्या, म्हणजे वीतभर तुकडे, पाडत होती; तात्या शेजारीच मोळ्या सोडत होते. एक टिपरी तिनं लांब फेकली.

“ती का गं टाकली?”

“डोळा न्हाय तिला, गुरुजी. कोंब कुठनं फुटायचा? उगवायची न्हाय.”

माझा राग तिथंच उतरला. बांधावर बसलो आणि म्हटलं, “पोरी, इंग्रजीतले ए, ई, आय, ओ, यू हे डोळे समज. प्रत्येक तुकड्यात एक तरी पाहिजे.” मग काटकीनं मातीत इंग्रजी ‘रिमेंबर’ लिहिलं.

तिनं जरा वेळ डोळे शोधले, कोयत्याच्या टोकानं दोन रेघा मारल्या आणि वाचलं, “री… मेम… बर.” वाचून झाल्यावर बापाकडं बघितलं.

तात्यांना अक्षरओळख नव्हती. तरी त्या रेघा त्यांनी वाकून निरखल्या. मग त्यांनी तिच्या हातातला कोयता काढून घेतला.

“मास्तर, चांगलं बेणं कुनी गुऱ्हाळात घालतं व्हय? न्या हिला.”