शिंगराला पोळी

मीनल : बाबा, आहात तिथंच थांबा. हलू नका.

दीनानाथ : अगं, एवढंसं शिंगरू आहे. हातातली पोळी कशी खातंय बघ.

मीनल : शिंगरू तुमच्या पुढं आहे. त्याची आई तुमच्या पाठीमागं उभी आहे. तुम्ही दोघांच्या मध्ये आलात.

दीनानाथ : किती लांब?

मीनल : दहा-बारा पावलं. कान पाडलेत तिनं. चिडलीय.

दीनानाथ : तूच ना मला ब्रिस्टलहून रानटी घोडे दाखवायला आणलंस?

मीनल : लांबून दाखवायला. पाच वर्षं मी या एक्समूरच्या माळावर व्हॉलंटियर म्हणून घोडे मोजायला येतेय, आजवर एकाला हात लावला नाही. गाडीत दोनदा सांगितलं होतं, बाबा.

दीनानाथ : सांगितलं होतंस. पण डबा उघडला आणि हात आपोआप गेला. चाळीस वर्षं गाईला घास दिल्याशिवाय जेवलो नाही मी. मीनल, श्रीकांतला फोन लाव.

मीनल : इथं रेंज नाही. आणि तुमचा मुलगा ऑफिसातून काय करणार? माझं ऐका. पोळी खिशात घाला. आता डावीकडं सरका, हळूहळू. तिला पोराकडं जायला वाट द्या.

दीनानाथ : पडलो तर?

मीनल : काठी टेका. मीही घाबरलेय, बाबा. हं, अजून एक पाऊल. अजून एक.

(टापा वाजतात. मग नुसता वारा.)

दीनानाथ : गेली?

मीनल : गेली पोराजवळ. हात द्या इकडे. गारठलाय नुसता.

दीनानाथ : सुटलो गं. चल, आधी गाडीत बसू.

मीनल : थांबा. ते येतंय.

दीनानाथ : घोडी?

मीनल : शिंगरू. तुमच्या मागं, पोळीसाठी.

दीनानाथ : येईना का. ते काय करणार आपल्याला?

मीनल : कार पार्कच्या पलीकडं रस्ता आहे. माणसाकडं खायला मिळतं हे कळलं की ती गाड्यांपाशी जायला लागतात. मागच्या ऑक्टोबरात मोजताना एक कमी भरलं. रस्त्याच्या कडेला मेलेलं सापडलं.

दीनानाथ : माझ्या एका घासानं?

मीनल : हाकला त्याला. मी हाकलून उपयोग नाही, घास तुम्ही दिलात. त्याला तुमचीच भीती वाटायला हवी.

दीनानाथ : दारात आलेलं जनावर मी कधी हाकललं नाही गं.

मीनल : काठी आपटा, बाबा. ओरडा.

दीनानाथ : हाट. जा म्हणतो ना. जा.

मीनल : उभंच आहे. जोरात.

दीनानाथ : हाऽट! चल हो, हाऽट!

मीनल : पळालं.

दीनानाथ : नीट घाबरलं का?

मीनल : आईच्या आडून तुमच्या खिशाकडंच बघतंय अजून.

दीनानाथ : मग तू माझ्या मागून चाल. मी त्याला दिसायला नको.