टिप्याला टीव्हीचीच वायर का?

कुत्री वायरी चावतात, मान्य. पण मार्गासनी गावातल्या आमच्या घरचा टिप्या फक्त टीव्हीचीच वायर चावायचा, तीही आईची सिरियल सुरू व्हायच्या तोंडावर. आई त्याच्या नावानं नुसती खडे फोडायची.

परवा मी तिसऱ्यांदा वायर जोडायला बसलो, तर हाताला सुक्या बोंबलाचा वास! वडील शेजारी पेपरात तोंड घालून बसलेले.

मी हळूच विचारलं, "आबा, वायरीला बोंबील तुमी चोळता?"

"हळू बोल की! आत आई हाय तुजी."

"अहो, शॉक बसून मरंल की ते मुकं जनावर!"

आबा भडकलेच. "येडा हाईस का? आदी पिन काढतो म्या. ह्या घरात माज्या बाजूचा तेवडा एकच हाय!"