मोतीबिंदूनंतरचं मंगलाष्टक

...नाही, पण मला सांगा, मोतीबिंदू काढला की चष्मा सुटतो, हे जगात पहिल्यांदा सांगितलं कोणी? मला आमच्या शेजारच्या गोटीरामने! आयुष्यभर सातपूरला लेथ चालवलेला माणूस, पण डोळ्यांवर बोलायला लागला की... "शामसुंदर, अरे घरात बसून पांडवलेणीवर चढणारी माणसं मोजशील!"

आणि डॉक्टर, मृण्मयी मॅडम, बिचाऱ्या चित्र काढून समजावतायत, "काका, ही लेन्स लांबचं बघायला. वाचायला चष्मा लागणारच, नंबर महिन्याभराने काढू. थोडे दिवस दिव्यांभोवती कडी दिसतील. आणि शुगरमुळे तुमच्या डोळ्याचा आतला पडदा जरा थकलाय, तेव्हा विशीतले डोळे मागू नका हं." मी मान हलवतोय. पण तुम्हाला सांगतो, डॉक्टर सांगत होत्या, मी ऐकत नव्हतो!

दोन्ही डोळे झाले. पट्टी निघाली आणि... अहाहा! समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया मोजल्या मी! निळा रंग तर इतका निळा, की छायाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना विचारलं, "हा पडदा नवीन आणलास?" तर म्हणे, "अकरा वर्षं झाली त्याला!" झालं, चढली मला! चष्मा थेट भंगारात. छाया म्हणतेय, "अहो, मॅडम म्हणाल्या होत्या ना..." म्हणाल्या असतील! डॉक्टर सांगत होत्या, मी ऐकत नव्हतो!

पंधराच दिवसांनी येवल्याला पुतणीचं, यशश्रीचं लग्न. मंगलाष्टक मीच ऑपरेशनच्या आधी रचून ठेवलेलं, मीच म्हणणार. पाठ? पाठ कशाला करायचं, वाचता येणार होतं ना! वर माइक हातात घेऊन जाहीर केलं, "मंडळी, आज चष्म्याशिवाय वाचतोय!" टाळ्या! कागद उघडला... अहो, कागदावर नुसत्या मुंग्या! हात लांब केला, अजून लांब केला, हात संपला! आणि गंमत बघा, शेवटच्या रांगेत जांभई देणाऱ्याची अक्कलदाढ दिसतेय, पण हातातलं अक्षर नाही!

अंतरपाट धरलेला, मुठीत अक्षता, सगळे माझ्या तोंडाकडे... मग दिलं ठोकून! लिहिलं होतं, 'लाभे सासर थोर हे तुज मुली'. आणि मी खणखणीत सुरात, 'लाभे सासर चोर हे तुज मुली!'

भटजींनी दचकून माझ्याकडे बघितलं. नवरदेवाचे वडील निवृत्तीराव पंचवीस फुटांवर, पण त्यांच्या मिशीचा केस न् केस थरथरताना दिसतोय मला... लांबचं दिसणार, डॉक्टर सांगत होत्या!

छाया तरातरा स्टेजवर आली, स्वतःचा गुलाबी काड्यांचा चष्मा माझ्या नाकावर बसवला आणि माइकमधून अख्ख्या कार्यालयाला ऐकू जाईल असं म्हणाली, "थोर आहे ते. थोर म्हणा." म्हटलं. लग्न लागलं एकदाचं!

जेवताना निवृत्तीरावांपुढे हात जोडले, सगळं सांगितलं. माणूस एकदम विरघळला. "अहो, ऑपरेशन झालंय होय! माझंही पुढच्या महिन्यात आहे. कसं असतं हो?" मग बसलो समजावत. लेन्स, कडी, पडदा, वाचायचा चष्मा... मला आठवेना ते छायाने पुरवलं. वीस मिनिटं! निवृत्तीराव मान हलवतायत, हलवतायत... मी थांबलो, तसा माझा हात हातात घेऊन म्हणाले, "ते सगळं ठीक आहे हो, शामराव... पण चष्मा जातो ना?"