गच्चीवर पापड वाळत होते

नाव: श्रीमती महेश्वरी संगप्पा कलशेट्टी, वय ५९ वर्षे, धंदा घरकाम, रा. विजापूर रोड, सोलापूर.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून पुरवणी जबाब देते की, वरील पत्त्यावरील घर माझ्या नावावर आहे. मी तेथे एकटी राहते. मुलगा संगमेश पुण्यात नोकरीस आहे. कामात हयगय मला खपत नाही, हे गल्लीला ठाऊक आहे.

दि. ६ मे २०२५ रोजी गच्चीवरील पाण्याची टाकी धुण्यासाठी मी कुंडलिक वाघमोडे, वय अंदाजे ४५, यांना फोन करून बोलावले. सहा वर्षांपासून ते माझ्याकडे अशी कामे करीत. नळाला पाणी दुसऱ्या दिवशी येणार होते, त्यामुळे टाकी त्याच दिवशी धुणे भाग होते. परंतु त्याच सकाळी मी गच्चीभर साड्या अंथरून ज्वारीचे पापड घातले होते. टाकीपर्यंत जायला वाट उरली नव्हती.

साडेनऊच्या सुमारास ते आले. मी त्यांना चपला जिन्यात काढायला लावल्या व म्हणाले, "पापडांवर पाय पडू देऊ नका, कडेकडेनं जावा." ते हसून म्हणाले, "व्हय अक्का. तुमच्या गच्चीवर कावळाबी इचारून बसतुय की."

गच्चीचा कठडा गुडघ्याइतका आहे. ते त्यावरून अनवाणी ये-जा करीत होते. मी पाहत होते. कमरेला दोर नव्हता. त्यांचा विमा आहे का, हे मी कधी विचारले नाही. टाकी धुवायला कसला विमा, असे मला वाटे. तिसऱ्या खेपेला गाळाची बादली घेऊन येताना ते कठड्यावरून खाली अंगणातल्या फरशीवर पडले. साड्यांवर गाळाचा थेंबही नव्हता.

मी रिक्षातून त्यांना रुग्णालयात नेले. वाटेत संगमेशला फोन केला. तो म्हणाला, "आई, कामाला बोलावलं म्हणू नकोस. घरमालक म्हणून तुझ्यावर येईल." म्हणून तेथील चौकीत मी, ते ओळखीचे असून आपणहून गच्चीवर गेले, असे सांगितले. ते खोटे आहे. पंचनाम्याआधी मी घरी येऊन पापडही गोळा केले. त्यामुळे पंचनाम्यात गच्ची मोकळी लिहिली आहे.

दि. १४ मे रोजी कुंडलिक मयत झाले. काल त्यांची पत्नी बजाबाई माझ्या दारात आली. नवरा कामावर होता हे कागदावर नसल्याने तिचा भरपाईचा अर्ज अडला आहे. ती भांडली नाही. म्हणाली, "अक्का, त्ये तुमच्याकडं कामाला आलते, एवढंच सांगा की." मी तिला आत ये म्हणाले. तिने चपला काढल्या. ते पाहून मी आज येथे आले आहे.

कुंडलिक माझ्या बोलावण्यावरून, माझ्या कामावर होते. पापडांचा डबा मी सोबत आणून हजर केला आहे. त्यात एकही पापड मोडलेला नाही.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. 'कडेकडेनं जावा' हे माझे शब्द त्यात आले का, ते मी दोनदा विचारले. आले आहेत. जबाब बरोबर आहे.

सही/-
महेश्वरी सं. कलशेट्टी